बुधवारची मंडळी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बुधवारची संध्याकाळ चर्चची असते. असा कायदा कुठेच नाही. पण शाळा त्या संध्याकाळी सामने ठेवायचं टाळतात, शिक्षक गृहपाठ हलका देतात, आणि साडेपाच वाजून गेले की उपनगरांमधल्या लुथरन चर्चांच्या पार्किंगमध्ये गाड्या लागायला सुरुवात होते. हॉकीच्या क्लबांनी गेल्या काही वर्षांत हा शिरस्ता बराच मोडला आहे आणि त्याबद्दल आयांच्या मनात राग आहे. माझ्याही आहे. तरी बुधवार अजून पुरता हरलेला नाही.

आम्ही मूळचे नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं केलं, आणि आमच्या घरातला ख्रिस्ती विश्वास त्याच कामातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ते मिशन काँग्रिगेशनल पंथाचं. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि आमची मंडळी, म्हणजे चर्चचा आमचा समुदाय, त्यात आली. लुथरन लोकांशी आमचा संबंध फक्त इतिहासाच्या पुस्तकापुरता : १५१७, विटेनबर्ग, मार्टिन लुथरचे ९५ सिद्धान्त. मिनिआपोलिसच्या दक्षिणेला घर घेतलं तेव्हा चालत जाता येईल असं एकच चर्च होतं आणि ते लुथरन होतं. पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर एका आजींनी हातात कॉफी दिली आणि पुढच्या रविवारी याल ना, असं विचारलं. आम्ही गेलो, आणि जातच राहिलो.

या भागात लुथरन मंडळी इतकी दाट का, ते इथल्या दफनभूमीतली आडनावं वाचली की कळतं. एकोणिसाव्या शतकात नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीतून शेतकरी कुटुंबं इथे आली आणि येताना आपापली स्तोत्रं आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, घेऊन आली. बराच काळ प्रत्येकाचं चर्च वेगळं होतं, उपासनेची भाषाही वेगळी. पुढे ती हळूहळू एकत्र आली. आम्ही ज्या संस्थेत आहोत ती इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका १९८८ साली तीन संस्था मिळून झाली. त्या वेळी तिचे बाप्तिस्मा घेतलेले सभासद पन्नास लाखांच्या वर होते, आता तीस लाखांच्या आत आले आहेत. हा आकडा मंडळीच्या प्रत्येक बैठकीत जाणवतो. रिकाम्या बाकांकडे बघत कुणीतरी दरवेळी म्हणतं, तरुणांसाठी काहीतरी करायला हवं.

हे वाक्य मी नगरलाही ऐकत मोठी झाले. आमच्या तरुण संघाच्या प्रत्येक वार्षिक सभेत यावर ठराव व्हायचा. उत्तरंही ठरलेली : गिटार आणा, क्रिकेटचे सामने भरवा, महाबळेश्वरला शिबिर घ्या. त्यातून आनंद मिळायचा, हे खरं. पण बारावी झाली की मुलं पुण्या-मुंबईला जायची आणि चर्चशी नातं नाताळपुरतं उरायचं. म्हणून मुलगी इथल्या तरुण गटात जायला लागली आणि मोठ्यांपैकी मदतनीस हवे आहेत असं कळलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. हे लोक काय वेगळं करतात, ते मला आतून बघायचं होतं.

नाव देऊन भागत नाही. पोलिसांकडची पार्श्वभूमी तपासणी होते, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि एक नियम कुठल्याही परिस्थितीत मोडायचा नाही : एकटा मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीत असता कामा नये. कायम दोन मोठी माणसं, तीही एकाच घरातली नकोत. मला हा नियम फार आवडला. आपल्याकडच्या प्रत्येक मंडळीने, प्रत्येक शिबिराने तो उद्याच्या उद्या लागू करावा असं मला मनापासून वाटतं.

मी सांगते आहे ते सप्टेंबर २०२३ ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं वर्ष. चर्चचं वर्ष शाळेसोबत सुरू होतं. सप्टेंबरमध्ये शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांना बायबल शिकवायची रविवारची शाळा, पुन्हा भरते, आणि त्याच महिन्यातल्या एका रविवारी देशभरातल्या आमच्या मंडळ्या पिवळे टी-शर्ट घालून सेवेला बाहेर पडतात. २०१३ साली, संस्थेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सुरू झालेली ही प्रथा. आमच्या मुलांच्या वाट्याला फूड शेल्फ आलं. गरजू कुटुंबांना मोफत शिधा देणाऱ्या केंद्राला मिनेसोटात असंच म्हणतात. मुलांनी डब्यांवरच्या तारखा तपासल्या, मुदत संपलेले बाजूला काढले, उरलेले फळ्यांवर लावले. दोन तासांचं काम. कुणी भाषण केलं नाही, मुलांचे फोटोही फारसे काढले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये पानगळ. मेपल आधी झडतो, ओकची पानं रेंगाळतात. मंडळीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना आता दंताळं ओढवत नाही, त्यांची यादी ऑफिसात तयार असते. मुलं गटागटाने जातात, अंगणं साफ करतात, पानं खताच्या पिशव्यांत भरून रस्त्याकडेला लावतात. एका घरी आजोबा आधी खिडकीतून बघत होते. थोड्या वेळाने कोट-टोपी घालून स्वतःचं दंताळं घेऊन बाहेर आले. सून आतून हाका मारत होती, पण ते काही ऐकेनात. आमच्या गटातला एक दांडगा नववीतला मुलगा त्यांच्या बाजूला गेला आणि त्यांच्या वेगाने, म्हणजे अगदी सावकाश, पानं ओढायला लागला. त्याला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोघांचा वाफा सगळ्यांत शेवटी झाला, पण बाकीची मुलं थांबली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लुथरच्या धर्मसुधारणेच्या आठवणीचा. २०२३ साली तो २९ तारखेला होता. सगळी मंडळी लाल कपड्यांत येते, आणि आमच्याकडे त्याच दिवशी दहावीतल्या मुलांचं दृढीकरण होतं, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास आता ती स्वतःच्या तोंडाने कबूल करतात. त्याआधी तीन वर्षं ही मुलं लुथरची लहान प्रश्नोत्तरी शिकलेली असतात. ती १५२९ सालची. त्याच्या आदल्या वर्षी सॅक्सनीतल्या गावांमधल्या मंडळ्यांची पाहणी झाली, आणि लोकांना दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नाही, काही पाळकांनाही येत नाही, हे बघून लुथर हादरला. घरातल्या कर्त्याने मुलाबाळांना शिकवावं म्हणून त्याने हे छोटं पुस्तक लिहिलं. प्रत्येक आज्ञेनंतर एकच प्रश्न येतो, याचा अर्थ काय, आणि मग दोन-चार ओळींत उत्तर. ‘चोरी करू नको’ याचा अर्थ शेजाऱ्याचं घेऊ नको एवढाच नाही, त्याची मालमत्ता आणि पोटापाण्याचं साधन राखायला मदत कर, असाही आहे. पाठ करायला सोपं, पण पाळायला आयुष्य जातं.

दृढीकरणाआधी प्रत्येक मुलाने स्वतःच्या विश्वासाबद्दल एक पानभर लिहायचं असतं. एकाने लिहिलं होतं की देव आहे की नाही याची मला रोज खात्री वाटत नाही, पण ज्या दिवशी वाटत नाही त्या दिवशीही मला इथे यावंसं वाटतं. पास्टरबाईंनी ते वाचलं आणि त्यातला एक शब्दही बदलायला सांगितला नाही. (आमच्या पास्टर बाई आहेत. इथल्या बऱ्याच लुथरन मंडळ्यांनी १९७० पासून स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायला सुरुवात केली.) त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला आई-वडील आले, आणि वॉकर ढकलत पणजीही आली. तेव्हा मी मागच्या बाकावर रडत होते, आणि बाजूची अनोळखी बाई टिशूचा डबा माझ्याकडे सरकवत होती.

नोव्हेंबरमध्ये लुटफिस्कचं जेवण. सुकवलेला कॉड मासा आधी पाण्यात, मग क्षाराच्या द्रावणात, मग पुन्हा बरेच दिवस पाण्यात भिजवायचा आणि शिजवायचा. ताटात तो पारदर्शक, थरथरणारा दिसतो. नॉर्वेजियन घरातले त्यावर वितळलेलं लोणी ओततात, स्वीडिश घरातले पांढरा सॉस. बरोबर लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. ही पोळी लाटताना बघितली आणि मला घरच्यासारखं वाटलं. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाला वासाचंही काही वाटत नाही. गावोगावचे लोक तिकीट काढून येतात, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. तळघरातल्या सभागृहात लांबच लांब टेबलं मांडलेली असतात, आणि वाढपी असतो आमचा तरुण गट.

चौदा-पंधरा वर्षांची पोरं एप्रन बांधून गरम भांडी घेऊन टेबलांमधून फिरतात. लोणी कुणाला, सॉस कुणाला, हे लक्षात ठेवावं लागतं. कॉफीचा कप रिकामा दिसता कामा नये. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बोलायचं. स्वयंपाकघरात साठ वर्षांच्या बायका भराभरा हुकूम सोडत असतात आणि त्यांना कुणी उलट बोलत नाही. ही मुलं घरी स्वतःचं ताट उचलत नसतील, माझी तरी उचलत नाही. इथे मात्र रात्री नऊला भांडी घासून, टेबलं मिटवून, फरशी पुसूनच ती निघाली. त्या रात्री मला एक गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट दिसली. ही मुलं नसती तर हे जेवण झालंच नसतं. म्हाताऱ्या बायकांच्या हातांना जड भांडी झेपत नाहीत, त्यामुळे मुलांवाचून त्यांचं खरोखर अडतं. आणि ते मुलांनाही ठाऊक असतं.

मग मी पुढचं सगळं वर्ष याच नजरेने बघत राहिले.

डिसेंबर. चर्चमध्ये आगमनकाळाचं चक्र लावलं, नाताळआधीच्या चार रविवारच्या चार मेणबत्त्यांचं. ही प्रथाही तरुणांसाठीच जन्मली. हँबुर्गमध्ये योहान हिन्‍रिश विखर्न नावाचे लुथरन धर्मशास्त्रज्ञ गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवायचे. नाताळ कधी येणार असं मुलं रोज विचारायची. १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी छोट्या लाल, म्हणजे मुलांना रोज एक पेटवून दिवस मोजता येतील. आमच्याकडे मेणबत्ती पेटवायचं काम सातवीतली मुलं करतात. पांढरे झगे, खाली बुटांच्या नाड्या सुटलेल्या.

नाताळ फेरीबद्दल मात्र मी नगरच्या बाजूने बोलेन. आमच्याकडे रात्री अकरानंतर ढोलकी, झांजा आणि खांद्याला पेटी अडकवून निघायचं. प्रत्येक घरी चहा, करंजी, आणि पहाटे चारला घसा बसलेला. इथे दुपारी दोन वाजता बसने वृद्धाश्रमात जाऊन छापील पानांवरून चार आवाजांत गातात. सूर पक्का, पण अंगात येत नाही. तरी त्या दुपारी एक बाई, जिला गेल्या कित्येक महिन्यांत मुलांची नावंही आठवली नव्हती असं तिच्या लेकीने सांगितलं, तिने एका गाण्याची दोन कडवी नॉर्वेजियनमध्ये म्हटली. पोरं गप्प झाली आणि मग तिला सांभाळून घेत हळू गायला लागली.

त्या वर्षी नाताळला बर्फ नव्हता. पाऊस पडत होता, तोही धो धो. मिनेसोटातल्या माणसांना हे पाहवत नव्हतं. २०२३-२४चा तो हिवाळा इथल्या नोंदींमधला सर्वांत उबदार ठरला. जानेवारीच्या अखेरीस आम्ही उत्तरेकडे तळ्याकाठच्या शिबिराला गेलो, तर तळ्यावरचा बर्फ पातळ. एरवी त्याच तळ्यावर झाडू घेऊन हॉकीसारखा खेळ रंगतो. या वेळी काठाला दोरी बांधून पाटी लावली होती. खेळ बुडाला आणि मुलांच्या हाती रिकामा वेळ आला. शेकोटीभोवती रोजचा फेरा मात्र झाला. प्रत्येकाने आठवड्यातली सर्वांत चांगली गोष्ट सांगायची, मग सर्वांत वाईट, आणि उजवीकडच्याने त्यासाठी एका वाक्यात प्रार्थना करायची. दर बुधवारीही हे होतं, पण तिथे पंधरा मिनिटांत उरकावं लागतं. शिबिरात मध्यरात्र झाली. तिथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही असा शब्द मीही दिला आहे, म्हणून इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की आपल्या घरांत चांगले मार्क पडणाऱ्या मुलांना आपण जे कधीच विचारत नाही, ते त्यांनी तिथे आपणहून सांगितलं. माझी मुलगी बोलणार होती तेव्हा मी उठून लाकडं आणायला गेले. तिने थांब म्हटलं नाही, आणि मला तेच योग्य वाटलं.

फेब्रुवारीत सगळं एकदम आलं. ११ तारखेला सुपर बोल, अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. त्या सकाळी उपासनेनंतर मुलं दाराशी सुपाची मोठाली पातेली घेऊन उभी राहतात, लोक त्यात नोटा टाकतात आणि सगळे पैसे फूड शेल्फला जातात. १९९० साली साऊथ कॅरोलायनातल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या तरुणांनी हे सुरू केलं आणि पुढे ते देशभर पसरलं. तीन दिवसांनी, १४ तारखेला, राखेचा बुधवार, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. त्याच दिवशी व्हॅलेंटाइन डे. कपाळावर राखेचा क्रूस आणि हातात गुलाब, अशी पोरं रांगेत उभी होती.

लेंटच्या चाळीस दिवसांतले सगळे बुधवार म्हणजे सूप आणि पाव, आणि नंतर अर्ध्या तासाची संध्याप्रार्थना. सूप करायची जबाबदारी तरुण गटाची. मिनेसोटात तळ्यांच्या उथळ पाण्यात उगवणारा काळपट जंगली तांदूळ ओजिब्वे लोक शतकानुशतकं होड्यांतून काढत आले आहेत. त्या तांदळाचं कोंबडी घातलेलं सूप पहिल्या बुधवारी. पुढे टोमॅटोचं, बटाट्याचं. मग मुलांनी मला विचारलं, तुमच्याकडे काय करतात? मी नगरकडची शिपी आमटी केली. मिश्र डाळी, खोबरं भाजून वाटलेला मसाला, तिखट अगदी बेताचं. दोन मुलींनी कांदा-खोबरं भाजण्यापासून सगळं केलं. धूर झाला, अलार्म वाजला, ट्रस्टी धावत आले. पातेलं मात्र रिकामं झालं. नॉर्वेजियन आजोबांनी पावाने वाटी पुसून खाल्ली आणि नाक पुसत दुसऱ्यांदा रांगेत आले.

त्याच संध्याकाळी मी त्यांना नारायण वामन टिळकांचं एक भजन शिकवलं. टिळक १८६१ ते १९१९ मधले. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचं बरंच आयुष्य नगरला गेलं, आणि ख्रिस्ताला अभंग-कीर्तनाच्या घरात आणून बसवायचं काम त्यांनी केलं. इथल्या मुलांना चार भागांत गायची सवय. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते उचलून घ्यायचं, ही आपली रीत त्यांना नवी होती. पहिल्यांदा चाचपडली, दुसऱ्यांदा टाळी सापडली. झांजा मी घरून आणल्या होत्या. तिसऱ्या आवर्तनाला पास्टरबाई स्वतः झांज घेऊन उभ्या होत्या, आणि ध्वनियंत्राच्या खोलीत माझी लेक काचेपलीकडून मला अंगठा दाखवत होती. ती गाणारी नाही. तिला चाळीस बटणांचं ते यंत्र आवडतं आणि बुधवारचा माईक तिच्याशिवाय सुरू होत नाही.

मार्चमध्ये शहराच्या उत्तरेला कून रॅपिड्सला गेलो. तिथे ‘फीड माय स्टार्व्हिंग चिल्ड्रेन’ या १९८७ साली सुरू झालेल्या संस्थेचं केंद्र आहे. केसांवर जाळी, हात धुऊन टेबलाशी उभं राहायचं. जीवनसत्त्वांची भुकटी, सुकवलेल्या भाज्या, सोया आणि तांदूळ क्रमाने मापून नरसाळ्यातून पिशवीत, मग वजन, मग पिशवीचं तोंड उष्णतेने बंद. एका पिशवीत सहा जेवणं, एका खोक्यात छत्तीस पिशव्या. पोरं आरडाओरडा करत शर्यती लावतात. शेवटी भरलेल्या खोक्यांवर हात ठेवून प्रार्थना होते. दूर देशी अन्न पाठवण्यापेक्षा तिथल्या शेतकऱ्याकडून विकत घ्यावं, असं म्हणणारे आहेत, आणि गाडीत परत येताना मुलांनी तोच वाद घातला. एक मुलगी तावातावाने म्हणाली, मग आपण दोन्ही का करत नाही? मला तो वाद पिशव्यांइतकाच मोलाचा वाटला.

२४ मार्चला झावळ्यांचा रविवार, आणि हिवाळाभर न पडलेला बर्फ नेमका तेव्हा पडला. फ्लोरिडाहून आलेल्या झावळ्या हातात घेऊन लहान मुलं बर्फातून होसान्ना गात चर्चला वळसा घालून आली. पुढच्या रविवारी, ३१ तारखेला, ईस्टर. पहाटेच्या उपासनेनंतरची न्याहारी तरुण गट करतो, आणि तिकिटाचे पैसे उन्हाळ्यातल्या प्रवासाला जातात. आदल्या रात्री अंड्याचे मोठे ट्रे भाजून ठेवायचे, पहाटे चारला ओव्हन पुन्हा चालू. प्रवासासाठी ‘शेअर’ही विकले होते. मंडळीतल्या लोकांनी ठरावीक रकमेचे शेअर घ्यायचे आणि मुलांनी परत आल्यावर भागधारकांना जेवण देऊन प्रवासाचा हिशेब द्यायचा. पै न्‌ पैचा. मला ही पद्धत देणगीपेक्षा फार सरळ वाटते.

एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई नगरहून आल्या. आणि वर्षातली जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे, ती इथे सुरू होते.

आमच्या चर्चच्या तळघरात दर मंगळवारी सकाळी गोधड्यांचा गट बसतो. इथे त्यांना क्विल्ट म्हणतात. साठ इंच बाय ऐंशी इंच, हे माप लुथरन वर्ल्ड रिलीफ या संस्थेने ठरवून दिलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपला मदत करायला ही संस्था १९४५ साली उभी राहिली, आणि आजही अमेरिकेतल्या लुथरन मंडळ्यांमधून गोधड्या गोळा करून युद्धात, भूकंपात, पुरात घर गेलेल्यांकडे पाठवते. वर तुकडे जोडलेलं कापड, खाली अखंड कापड, मध्ये जुनं ब्लँकेट किंवा अस्तर. टाके घालत नाहीत. हाताच्या रुंदीएवढ्या अंतरावर जाड दोरा आरपार ओवून गाठ मारतात. गटातल्या बायका सगळ्या सत्तरी-ऐंशीच्या, बोटं संधिवाताने वाकलेली, आणि गाठी मारणं हेच काम बोटांना सगळ्यांत जड. म्हणून शाळेला सुट्टी असली की तरुण गट गाठी मारायला येतो.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. मी त्यांना त्या सकाळी सोबत नेलं, कारण घरी एकट्या किती बसणार. त्या टेबलाशी गेल्या, गोधडीचा काठ दोन बोटांत धरून उलटा केला, शिवण बघितली आणि मला म्हणाल्या, ‘‘अगं, यांचं अस्तर सरकतंय. मधनं धावदोरा घालायला पाहिजे.’’ मी ते सांगितलं. गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ आजी उठल्या, त्यांनी सुई ओवली आणि सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाई नऊवारीचा काष्टा सावरून टेबलावर वाकल्या आणि मधोमध उभा-आडवा लांब धावदोरा घातला, आमच्याकडे वाकळ शिवताना घालतात तसा. अस्तर बसलं. दोन दहावीतले मुलगे समोर बसून बघत होते. त्यांनी गाठ कशी मारतात ते सासूबाईंना दाखवलं : उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, ओढायचं, दोन बोटं दोरा सोडून कापायचं. नंतरचे दोन तास त्या तिघांनी एकच गोधडी पूर्ण केली. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. मध्येच सासूबाई मराठीत रागावत होत्या, ‘‘अरे, ढिली बांधू नको,’’ आणि तो मुलगा ती गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

मे महिन्यात गोधड्यांचा रविवार आला. सगळ्या पूर्ण झालेल्या गोधड्या बाकांच्या पाठींवर पसरून ठेवतात आणि मंडळी त्यांना टेकून उपासनेला बसते. पास्टरबाई आशीर्वाद देतात, मग मुलं त्या उचलून खोक्यांत भरतात. त्याच दिवशी बारावी झालेल्या प्रत्येक मुला-मुलीला गटाने त्यांच्यासाठी शिवलेली एक गोधडी मिळते, होस्टेलवर न्यायला. आजी स्वतः ती त्यांच्या खांद्यांवर घालतात. त्या वर्षीच्या एका मुलाच्या गोधडीत अस्तर म्हणून सासूबाईंनी आपली जुनी सुती इरकल दिली होती. तो आता विस्कॉन्सिनला शिकतो आणि त्याच्या आईने मला सांगितलं की धुवायलाही देत नाही.

जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्सला निघालो. दर तीन वर्षांनी देशभरच्या तरुणांचा मेळावा भरतो. २०२१ चा आमच्याच मिनिआपोलिसमध्ये ठरला होता, तो महामारीत गेला, त्यामुळे २०२४ च्या मेळाव्याची मुलं फार दिवस वाट बघत होती. १६ ते २० जुलै. मिसिसिपी नदी मिनेसोटात इटास्का तळ्यातून निघते. तिथे मुलं दगडांवरून उड्या मारत ती ओलांडतात. आणि ती समुद्राला मिळण्याआधीचं शेवटचं मोठं शहर न्यू ऑर्लिन्स. आमच्या बसमधल्या एकाने सगळा रस्ता नकाशावर नदी कुठे आहे ते ओरडून सांगितलं. रात्रीच्या सभा एका भल्यामोठ्या सभागृहात. २००५ साली कतरिना वादळात हजारो माणसांनी आसरा घेतलेलं सुपरडोम हे मैदान याच शहरातलं. २००९ साली हा मेळावा मुद्दाम त्या शहरात नेला होता, तेव्हा कामाला आलेल्यांपैकी काहीजण आता स्वतःच्या मुलांना घेऊन आले होते.

हजारो मुलं एका आवाजात गातात तेव्हा कुणाच्याही अंगावर काटा येतो. माझ्याही आला. आपल्या शाळेत चर्चला जाणारी आपण एकटीच, असं वाटणाऱ्या मुलीला ते दृश्य दिसणं आवश्यक आहे. पण परतीच्या बसमध्ये मुलं त्या सभांबद्दल फार बोलली नाहीत. ज्या वस्तीत एक दिवस सेवेला गेलो होतो, तिथल्या एका बाईबद्दल बोलली. उकाड्यात कुंपण रंगवताना तिने त्यांना बर्फाचं पाणी दिलं आणि रंगाचा दुसरा हात न देता निघू नका, असं बजावलं. मुलांनी दुसरा हात दिला आणि बस अर्धा तास उशिरा सुटली.

ऑगस्टमध्ये भागधारकांचं जेवण झालं, हिशेब सादर झाला, थोडी रक्कम उरली ती पुढच्या खात्यात गेली.

सप्टेंबरमध्ये मंडळीच्या कार्यकारिणीत तरुण गटातले दोघं निवडून आले, मताच्या अधिकारासह. एक तो सावकाश पानं ओढणारा मुलगा, आता दहावीत. दुसरी कांदा-खोबरं भाजणारी. पहिल्याच बैठकीत विषय होता शब्बाथ शाळेवरच्या छपराची गळती. मीही कोपऱ्यात बसले होते. चर्चा दीड तास चालली : निधी कुठला, काम हिवाळ्याआधी होईल का, विमा कंपनी काय म्हणते. दोघं शेवटपर्यंत बसले. मत घ्यायची वेळ आली तेव्हा त्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, आपल्याकडे एकाच कंत्राटदाराचं दरपत्रक कसं आलं, आणखी दोन का नाही मागवली? अध्यक्षांनी चष्मा काढला, कागद पुन्हा चाळले आणि ठराव पुढच्या बैठकीवर टाकला. दरपत्रकं आणायचं काम त्या दोघांकडेच दिलं.